दोन आलेखांमधली रेघ

अहेरीकडं आमच्या धानाच्या तीनच बांधी, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. धान घरातच संपायचं. उन्हाळ्यात आई-बाबा तेंदूपत्ता तोडायला जायचे, तेव्हा कुठं माझी फी भरली जायची. घरात बारावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी गेलो, आणि चंद्रपुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पात एका रेघेपाशी अडकलो.

एकाच पानावर दोन आलेख. वरच्यात नदीच्या वरच्या अंगाच्या गावांचा पाऊस, खालच्यात आमच्याकडच्या नदीची पातळी. पावसाच्या टोकापासून पुराच्या टोकापर्यंत एक रेघ हवी, एवढंच. सर म्हणाले, "रेघ नसेल तर सही नाही. आणि पेनानं मारलेली चालणार नाही." सही नाही तर परीक्षा नाही. आलेख संगणकावर, पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून काढायची हौस माझीच. आलेखच हातानं काढले असते, तर पट्टीनं ही रेघ मिनिटात झाली असती!

मी बांधीतला माणूस. खालच्या बांधीत पाणी सोडायचं तर वरच्या बांधीचा बांध फोडायचा. तसंच केलं. वरच्याच आलेखातली रेघ शून्याच्या खाली ओढत नेली. तर त्या आलेखानं रेघेला जागा द्यायला आपलं मापच ताणलं, आणि पाऊस सगळा चपटा. माप बांधून टाकलं, तर रेघ चौकटीच्या काठावर कापली गेली. मग डोळ्यानं अंदाज घेऊन अख्ख्या पानावर रेघ मारली. पडद्यावर बरोबर दिसली. छापली तर पुराचं टोक सोडून बाजूलाच.

ज्यांच्या नेट कॅफेत मी बसायचो ते चाचा वैतागले. "काऊन बे, कालपासून एकच रेघ मारून राह्यला? माह्या नातीनं भिंतीवर किती मारल्या!"

"तिले दोन भिंती जोडाले सांगा, चाचा."

"कायले? मधात दार आहे ना."

मला हसू आलं नाही. पुन्हा पायथॉनची माहितीपुस्तिका उघडली. दर चौकटीचं माप वेगळं, पानाचं वेगळं. आधी कागदाचा आकार पक्का करायचा, मग दोन्ही टोकं पानाच्या मापात बदलून घ्यायची, आणि रेघ पानाची काढायची, कोणत्याच चौकटीची नाही. एवढं सरळ होतं, आणि ते कोपऱ्यात बारीक अक्षरात! तसं केलं, आणि छापल्यावरही रेघ दोन्ही टोकांना टेकली.

चंद्रपूरला तांदूळ घेऊन आलेल्या बाबांनी छापलेला कागद उलटासुलटा करून पाहिला. "मंग पूर केव्हा येते, हे सांगते का ही रेघ?"

"सांगते, बाबा. इकडं पाऊस पडला, की एवढ्या वेळानं इकडं पूर."

सरांनी सही केली. त्या उन्हाळ्यात मी एम.एस्सी. झालो. आमच्या घरात पहिला.