भोपळ्याचा पत्ता

माझ्या मामाला गल्लीत खजिनदार म्हणतात. खजिन्याशी त्याचा आजवर संबंध आलेला नाही. कारखान्यात आयुष्यभर वेल्डिंग करून निवृत्त झाल्यावर त्याने जमिनीतला धातू शोधायचं यंत्र घेतलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर आकडे दाखवणारा छोटा पडदा आणि कानाला हेडफोन. ते घेऊन तो मैदानं, नदीकाठ, पाडलेल्या घरांच्या जागा पालथ्या घालतो. त्याला बाटल्यांची बुचं सापडली, खिळे सापडले, एक अर्धी कात्री सापडली आणि शेजाऱ्यांची पाण्याची पाइपलाइन सापडली. ही शेवटची कुदळीनेच सापडली. शेजारी अजून बोलत नाहीत.

मामेभावाने नवी गाडी घेतली, आणि मागच्या अंगणात सिमेंट ओतून तिला जागा करायचं ठरवलं. शनिवारी ठेकेदार येणार, असं त्याने जेवताना जाहीर केलं. मामीने हातातला घास ताटात ठेवला.

"तिथे भोपळ्या आहे," ती म्हणाली.

भोपळ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. अंगाने नावाप्रमाणेच होता. तो म्हातारा होऊन गेला, तेव्हा मामा-मामींनी त्याला मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरलं. पुढे मागची खोली बांधताना झाड तोडलं, उरलेली माती आणि राडारोडा अंगणातच पसरला, आणि अंगण गुडघाभर वर आलं. भोपळ्याची जागा नेमकी कुठे, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

"त्याच्या अंगावर गाडी उभी राहायची नाही," मामी म्हणाली. "आधी त्याला शोधा, तेवढी जागा सोडा, मग काय ते ओता."

"आई, अगं, इतक्या वर्षांनी..." एवढं बोलून मामेभावाने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

मामाचा चेहरा मात्र उजळला. "त्यात काय! साखळीसकट पुरलंय त्याला. लोखंडी साखळी. माझं यंत्र कशासाठी आहे?"

मामीने काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि वाढायला घेतलं.

खोलवरचं शोधायचं तर यंत्राची सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवायची, असं कुणालाही वाटेल. मामालाही वाटलं. यंत्र लगेच केकाटायला लागलं. भिंतीतल्या वायरीवर केकाटलं, शेजारच्या पत्र्यावर केकाटलं, काही नसतानाही केकाटलं. पण सगळ्यात खणखणीत आवाज यायचा तो मामाच्या अगदी पुढ्यात. मामा तिथे खणायचा, काही मिळायचं नाही, एक पाऊल सरकायचा, आणि आवाज पुन्हा पुढ्यात. अंगणाची चाळण झाली.

"मामा, बूट काढ," मी म्हटलं.

वेल्डरचे बूट ते. बोटांवर पोलादी टोपी. यंत्र इतका वेळ मामाचेच अंगठे इमानेइतबारे कळवत होतं. मामाने बुटांकडे असं पाहिलं, जणू ते फितूर झालेत. मग रबरी चपला घालून आला आणि या विषयावर पुन्हा बोलला नाही.

मग तो शहाण्यासारखा वागू लागला. सेन्सिटिव्हिटी उतरवली. "जास्त गोंगाट केला की खोलवरचं ऐकूच येत नाही," त्याने मला गंभीरपणे सांगितलं. माळ्यावरून मोठी चकती काढली, कारण मोठी चकती खोल पोचते. ती जमिनीजवळ वर-खाली करत मातीची कुरकुर बंद होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स लावला. एरवी लोखंड गाळून टाकायचं जे सेटिंग असतं, ते साखळीसाठी काढून टाकलं. आणि मग जमिनीला चकती घासेल न घासेल, अशी मुंगीच्या पावलाने फिरवायला लागला. पण राडारोड्यात लोखंडाला काय तोटा? बिजागऱ्या निघाल्या, सळ्यांचे तुकडे निघाले, जुन्या दाराची कडी निघाली. साखळी निघाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मामा मागच्या पायरीवर बसला. हेडफोन गळ्यात, हात मातीने भरलेले. "गंजून माती झाली असेल साखळी," तो म्हणाला. इतका थकलेला मामा मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मामी चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. "अहो, साखळी नाहीच आहे तिथे."

"म्हणजे?"

"मी काढून घेतली होती. तुम्ही फावडं आणायला गेलात ना, तेव्हा. जन्मभर बांधून घातलं त्याला, आता तरी मोकळा जाऊ दे म्हटलं."

"मग साखळी गेली कुठे?"

मामीने पुढच्या फाटकाकडे बोट केलं. फाटकाला कित्येक वर्षं एक साखळी आणि कुलूप आहे. रोज ती साखळी स्वतःच्या हाताने सोडून खजिनदार शोधाला बाहेर पडतात.

मामाने फाटकाकडे पाहिलं. "आधी का नाही सांगितलंस?"

"साखळी तुम्ही बांधायचात," मामी म्हणाली. "तुम्हाला लागलं असतं."

लागलं होतंच. चहा तसाच निवला. मग मामा म्हणाला, "आता काय शोधू मी? हाडं काय वाजत नाहीत."

"वाटी आहे ना त्याची. जेवायची, ॲल्युमिनियमची. ठेवली मी त्याच्याजवळ. उपाशी कसा पाठवायचा?"

मामा ताडकन उठला. लोखंड गाळायचं सेटिंग परत लावलं. खिळे, सळ्या, बिजागऱ्या एकदम गप्प झाल्या. अंगण इतकं शांत झालं, की मामीही श्वास रोखून उभी राहिली. कुंपणाच्या भिंतीपाशी, जिथे झाड असेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं, तिथे मामा थांबला. चकती आडवी फिरवली, उभी फिरवली. मग हेडफोन काढून मामीच्या कानांवर ठेवला.

"हा?" मामीने विचारलं. आवाज बारीक असावा, कारण तिने डोळे मिटले होते.

"हाच."

मामाने आधी फावड्याने आणि मग हाताने माती काढली. चेपलेला, काळपट एक काठ दिसला.

"बास," मामी म्हणाली. "झोपू दे त्याला." आणि तिनेच माती लोटली.

शनिवारी सिमेंट ओतलं, तेवढा चौकोन सोडून. त्याच्या कडेच्या विटा मामेभावाने स्वतः लावल्या. त्यामुळे गाडी तिरकी लावावी लागते, आणि मागे घेताना तो रोज करवादतो. पण चौकोनावर चाक जाऊ देत नाही. मामाने फाटकाला कडी वेल्ड केली. साखळीचं त्याने काय केलं, ते त्याने सांगितलं नाही आणि मामीने विचारलं नाही.

यंत्राचं सेटिंग त्याने पुन्हा बदललेलं नाही. रोज संध्याकाळी रबरी चपला घालून तो त्या चौकोनावरून एकदा चकती फिरवतो. आतून मामी विचारते, "आहे का?"

"आहे," मामा सांगतो.