रक्तावरची साय

११ जानेवारी. पहाटे शीतपेटी धुऊन पुसली, बर्फाच्या पिशव्या भरल्या, कोऱ्या नळ्या मोजल्या आणि पुणे सोडलं. सव्वीस वर्षं मी रक्तातल्या चरबीवर काम करते आहे. नळ्या माझ्याकडे पार्सलने येतात. ज्याचं रक्त त्याच्या घरी मी कधी गेले नव्हते.

शेगावहून सोनाळ्याच्या एसटीत वाहकाने पेटीवर बोट टेकवलं.

"मासे हायेत काय बाई यात?"

"नाही, रिकामी आहे."

"रिकामी पेटी घेऊन पुण्याहून आल्या?" तिकीट देतानाही तो पेटीकडेच पाहत होता.

उत्तरेला सातपुडा, खाली संत्र्याच्या बागा. माझी जुनी विद्यार्थिनी सुजाता इथे दवाखाना चालवते. वनिता ही तिची रुग्ण, बारा दिवसांची बाळंतीण. पोटात कळ येऊन दोनदा भरती झालेली. स्वादुपिंडाला सूज. पुन्हा आली तर जिवावर बेतेल, असं कळवून सुजाताने मला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनिताच्या माहेरी गेलो. तपासणीसाठी रात्रीपासून ती पाण्यावरच होती. सुई टोचली. नळीत उतरलेलं रक्त लाल नव्हतं, गुलाबी दुधासारखं होतं. नसेतून उतरताना असं रक्त मी फक्त छायाचित्रांत पाहिलं होतं.

"तूप बंद करा," सुजाता म्हणाली. "लाडूही."

वनिताची आई शांताबाई सहा म्हशी सांभाळते. ती उखडली. "बाळंतिणीले तूप नाही द्याव तं काय द्याव? लोकं म्हणतीन, मायनं पोरीले पाण्यावर ठेवलं."

तिने आमच्यासमोरच डिंकाचा लाडू वनिताच्या हातात दिला. वनिताने तो उशीजवळ ठेवला.

दवाखान्यात आलो तर वीज गेलेली. रक्त फिरवून थर वेगळे करायचं यंत्र बंद. नाइलाजाने नळी शीतपेटीत उभी ठेवली.

तेराला सकाळी झाकण उघडलं. तळाशी लाल थर, त्यावर गढूळ पाणी, आणि सगळ्यात वर बोटाच्या पेराएवढी पांढरी, घट्ट साय. मी नळी तशीच उचलून शांताबाईकडे गेले.

"हे कोणत्या म्हशीचं?"

"वनिताचं रक्त आहे. खाल्लेली चरबी हिच्या अंगात फुटत नाही. रक्तातच तरंगते."

शांताबाईने नळी उजेडात धरली, तिरपी केली. साय हलली नाही.

"मंग हे मीच घालून राह्यली होती तिच्या आंगात."

"मी सांगत होती ना व माय, लाडू खाल्ला का दुखते," वनिता बाजेवरून म्हणाली.

"तुह्यं तं कामाच्या नावानंही पोट दुखे." शांताबाईने लाडवांचा डबा उचलला. "जवायाकडे पाठवतो. त्याच्या पोटाले काही होत नाही."

दुपारी तिने मुगाच्या डाळीचे फुणके (वाफवलेले मुटके) केले, थेंबभर तेल न घालता. मलाही वाढले. कोरडे होते, चव चांगली होती.

परतीच्या गाडीत पेटी मांडीवर होती. इतकी वर्षं नळी आली की मी ती लगेच यंत्रात घालत होते. ही साय आकड्यांत रोज माझ्यासमोर येत होती, आणि म्हशी राखणाऱ्या बाईला ती एका नजरेत कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत पोचल्यावर आधी शांताबाईला फोन लावला.

"दुखलं नाही," ती म्हणाली. "झोपली हाये. हळू बोला."

वहीत पहिल्या ओळीत तेवढं लिहिलं आणि नळी उघडली.