आईला सांगितलेला समुद्र

आमच्या घरी एक रीत आहे. ती कुणी शिकवली नाही. लग्नाचं आवतण चूलबंद नसलं, म्हणजे सगळ्या घराला नसलं, की एकच माणूस जेवायला जातो. बहुतेक आईच. ती परतली की आम्ही भावंडं विचारायचो, काय काय होतं? साडी बदलता बदलता ती सांगायची, "काही नाही व. वरण पातळ होतं. अन् बुंदी तं अशी कडक, का दात हालले." म्हणजे घरी राहिलेल्यांना वाईट वाटू नये. कितीतरी वर्षं मला वाटे, आमच्या पांढुर्ण्यात कुणालाच लग्नाचा स्वयंपाक जमत नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजची सहल अलिबागचा समुद्र आणि त्यातला किल्ला पाहायला गेली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि समुद्र पाहणारीही पहिलीच. आई जन्मभर संत्र्याच्या बागांत तोडीला जात आली, पण तिला वेड पाण्याचं. जाम नदीला पूर आला की हातातलं काम टाकून ती पुलाकडे जायची. मी निघाले तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "सगळं पाहून ये. मंग मले सांग."

मी सगळं पाहिलं. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि किल्ल्यापर्यंत वाट उघडी पडते. ओल्या वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही किल्ल्यात चालत गेलो. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड पाण्याची विहीर. तिथल्या एका मावशींनी बादलीतलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. खरंच गोड होतं. परतताना भरती लागली होती म्हणून टांगा केला. चाकं अर्धी पाण्यात, तरी घोडा आपला निवांत. संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसून शहाळं प्यायले. सूर्य पाण्यात जाईपर्यंत तिथेच बसलो.

घरी आले तेव्हा आई दारात बसून बोटांत रुतलेले संत्र्याचे काटे सुईनं काढत होती.

"सांग व. कसा हाये समुद्र?"

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. तोंडातून निघालं, "काही नाही आई. आपल्या धरणावानीच. पाणी गढूळ, अन् मच्छीचा वास."

"अन् किल्ला?"

"पडका आहे. तिथं पाहासारखं काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा काटा शोधू लागली. मोबाइलमधले मी फक्त मैत्रिणींचे फोटो दाखवले. आपली रीत तिला कळलीच असेल, असं मी धरून चालले.

पुढच्या हिवाळ्यात मोहल्ल्यातल्या बायांनी मिळून अलिबागची बस ठरवली. आईनंही नाव दिलं होतं, हे मला नंतर कळलं. मी परीक्षेसाठी सौंसरला मावशीकडे होते. परतले तेव्हा बस गेलेली आणि आई घरीच.

"माही जागा शेजारच्या काकूले देल्ली. तूच तं म्हणे, तिथं काही नाही."

"अवं, पण मी आपलं असंच म्हटलं होतं."

"तू शिकलेली. खोटं कायले सांगशील?"

मी तिथेच खरं बोलायला हवं होतं. बोलले नाही.

आठवड्यानं काकू आल्या. त्यांना आमची रीत ठाऊक नाही. अंगणात बसून त्यांनी वाट, विहीर, टांगा सगळं सांगितलं. मग आईकडे पाहून हसल्या. "धरण म्हणे. धरणाले दुसरा काठ असते व बाई." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि काकूंसाठी चहा ठेवायला उठली.

त्याच हिवाळ्यात संत्र्याच्या तोडीला गेली असता ती शिडीवरून पडली. कंबर गेली. आता काठी धरून अंगणापर्यंत जाते. फार वेळ बसणं होत नाही. डॉक्टरांकडे नागपूरला न्यायचं तरी गाडीत आडवी करून न्यावी लागते.

मागच्या आठवड्यात मी तिच्या कमरेला तेल लावत होते. ती पालथी होती, तोंड भिंतीकडे.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "कसा हाये?"

मी सुरुवातीपासून सांगितलं. काहीही कमी केलं नाही. दुसरा काठ दिसत नाही, हेही सांगितलं. ती रागावेल असं वाटत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग मी जायले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

मी तेल लावत राहिले. तिनं विचारलं, "विहिरीचं पाणी कसं होतं म्हटलं?"

"गोड होतं आई."

"थंडं?"

"थंडं."