कोणी नसलं तर थोरले साडू

जगातलं कुठलंही काम अडलं तर ते आपल्याच खात्यात आहे, असं मानून जगणारा माणूस मी एकच पाहिला : माझे थोरले साडू. खामगावात ते क्लास काढून मुलांना जावा ही संगणकाची भाषा शिकवत. मीही पोटासाठी प्रोग्रामच लिहितो, त्यात पुण्यात राहून आलेला, त्यामुळे आपल्याला जरा जास्त कळतं असा माझा समज होता. प्रोग्रामचे भाग एकमेकांना जोडणारा इंटरफेस म्हणजे नुसता करार. त्यात काय करायचं तेवढंच लिहावं, कसं ते ज्याने त्याने पाहावं, हे माझं सोवळं.

एकदा कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यांच्या करारात मी नवं कलम घातलं : वजन झालं की शेतकऱ्याला मेसेज. जुन्या काट्यांच्या कोडमध्ये ते नव्हतं, त्यामुळे एकाचाही कोड कंपाइल होईना आणि काटे बंद पडले. आणि प्रोग्रामची जुनी प्रत मी उत्साहाने पुसून टाकलेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. साडू आले आणि त्यांनी करारातच दोन ओळींचा डिफॉल्ट लिहिला : ज्याला स्वतःची रीत नाही त्याने साधी पावती छापावी. काटे सुरू झाले. "डिफॉल्ट म्हणजे काय बे," ते म्हणाले, "कोणी नाही आलं तं आपण. कोणी आलं तं आपण बाजूले."

घरीही तेच. हॉटेलात कोणी काही बोललं नाही की सगळ्यांना कचोरी. त्यांची बहीण आमच्या मेहुण्याला दिलेली, म्हणून मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात ते जावईही होते आणि नवरीचे मामाही. जावयाने फेट्यासाठी रुसून बसायचं, मामाने नवरीला बोहल्यावर आणायचं. "दोन डिफॉल्ट भिडले का आपलं आपणच लिहा लागते," म्हणत ते अर्धाच फेटा बांधून नवरीला घेऊन गेले. मी नुसताच जावई, त्यामुळे नियमाप्रमाणे रुसून बसलो.

पुढे सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मेहुणा नागपुरात, दोघी बहिणी, म्हणजे आमच्या बायका, दुपारी शाळेत शिकवायला, म्हणून दुपारचे थेंब जावयांच्या करारात आले. मी घरूनच काम करतो, तेही सासूबाईंपासून दोन गल्ल्या सोडून. तरी मी एकदाही विचारलं नाही. साडू रोज जात होते.

मग साडू क्लास बंद करून लेकीकडे पुण्याला गेले, कायमचे. त्या दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, डोया दुखून राह्यला." मी धावलो. पहिला थेंब नाकावर, दुसरा उशीवर. "थोरले जावई पापणी धरत," त्या म्हणाल्या, "तुम्ही कपाळ धरलं. राहू द्या, गेलं आता डोयात."

संध्याकाळी मोठ्या फुशारकीने साडूंना फोन केला. आजचे थेंब मी घातले, म्हणून सांगितलं.

"मंग आता मी बाजूले झालो बे."

मी हो म्हणालो. पण मला ते बाजूला नको होते. आता रोज दुपारी थेंब घालायला जाताना त्यांच्या बंद क्लासपाशी मी थोडा थांबतो, कोणी आलं का ते पाहतो, आणि मग निघतो.