शेवटच्या ओळीतलं रिकामं घर

माझी ताई चणीने एवढीशी, म्हणून वर्गात तिला 'अपूर्णांक' म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. राग मलाच यायचा. गणित, वित्त आणि अर्थशास्त्र अशी तीन विषयांची एकच पदवी घ्यायला ती विद्यापीठात गेली, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं होतं, "म्हणजे शेवटी करणार काय?" गणिताचे सर म्हणत, सिद्ध कर. वित्ताचे सर म्हणत, धोका किती ते सांग. अर्थशास्त्राच्या बाई विचारत, यात माणसं कुठे आहेत? तीन सासवांच्या हाताखाली एक सून, असं मी तिला चिडवायची.

शेवटच्या वर्षी तिने प्रकल्प केला. दहा वर्षांच्या बाजारभावांवरून एका उद्योगातले शेअर उद्या चढतील की उतरतील, याचा अंदाज बांधणारं सूत्र. शंभरात एकाहत्तर वेळा ते बरोबर निघालं. सगळे हरखून गेले. लोकांच्या निवृत्तीचा निधी सांभाळणाऱ्या एका कंपनीने तर कळवूनच टाकलं, की तोंडी परीक्षा नीट पार पडली की कामावर या, आणि सूत्रही घेऊन या. बाबा निवृत्त झालेले, माझं शिक्षण अर्ध्यावर. घरात सगळ्यांचे डोळे त्या नोकरीकडे लागले होते.

परीक्षा अकरा वाजता होती. त्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबांनी प्रकल्पाचा छापलेला प्रबंध बघायला मागितला. ते जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले. त्यांची एक खोड होती. छापलेलं काहीही ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे. पुढून वाचलं की माणूस अर्थाच्या नादी लागतो आणि चूक निसटते, असं त्यांचं म्हणणं. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी अगदी शेवटचं पान उघडलं, आकड्यांच्या तक्त्याचं, आणि लगेच बोट ठेवलं.

"अगं, इथे एक घर रिकामं आहे. छापायचं राहिलं का?"

ताईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बघते हं बाबा," एवढंच म्हणाली आणि मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली.

सात रकान्यांपैकी एकाच रकान्याचं शेवटचं घर रिकामं होतं. म्हणजे तो अख्खा रकाना एक घर वर सरकला होता. केव्हातरी वरचं एक घर काढून टाकताना झालं असणार. त्यामुळे प्रत्येक तारखेपुढे दुसऱ्या दिवसाचा बाजार येऊन बसला होता. सूत्र हुशार नव्हतंच. परीक्षेआधी पेपर हाती लागलेल्या मुलासारखं होतं ते. तीन प्राध्यापकांनी प्रबंध वाचला होता, पण पुढून.

तिने रकाना खाली सरकवला आणि संगणकावर सगळं पुन्हा चालवलं. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. दहाला पाच कमी असताना आकडा आला. एक्कावन्न.

"नाणं उडवलं तरी एवढंच येतं," ताई म्हणाली.

"तू गप्प बस," मी म्हणाले. "वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही, आज कशाला येतंय? आधी नोकरी घे. मग तिथे गुपचूप दुरुस्त कर."

"ते पहिल्याच महिन्यात यावर लोकांचे पैसे लावणार आहेत गं."

"लावू देत! तुला त्यांची पडलीये, आमची नाही?"

हे मी बोलले. आज आठवलं तरी स्वतःचीच लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. तिने केस विंचरले, चप्पल घातली. वाटेत मी तीनदा म्हणाले, "सांगू नकोस." ती पुढे चालत राहिली.

परीक्षेला घरच्यांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती; बाबा घरीच थांबले, मी जाऊन बसले. समोर तिघे: गणिताचे सर, अर्थशास्त्राच्या बाई आणि कंपनीचे साहेब. साहेब हसून म्हणाले, "करा सुरुवात."

ताईने पाण्याचा घोट घेतला.

"मी शेवटच्या पानापासून सुरुवात करते," ती म्हणाली.

दहा मिनिटांत सगळं सांगून झालं. साहेबांनी फाइल मिटली, पेन खिशाला लावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सरांचे कान लाल झाले होते. बाईंनी तेवढं विचारलं, "ही चूक कोणी शोधली?"

"माझ्या वडिलांनी."

"काय करतात ते?"

"छापखान्यात होते."

पदवी मिळाली, पण दुसऱ्या वर्गात. नोकरीचं जमणार नाही, हे तर तिथेच, दारात सांगितलं गेलं, आणि तेही अगदी गोड शब्दांत.

घरी बाबा दार उघडून उभेच होते. "काय झालं?"

"पास झाले. नोकरी दुसऱ्या कोणाला दिली."

बाबा मग हळूच म्हणाले, "आणि ते रिकामं घर? त्याने काही बिघडलं नाही ना?"

"छे हो बाबा," ताई हसून म्हणाली. "ती छापखान्याची चूक होती."

"वाटलंच मला! हल्ली कोणी लक्षच देत नाही," म्हणत बाबा समाधानाने खुर्चीत बसले.

सकाळपासून मी तिला एक खोटं बोलायला सांगत होते. ते ती शेवटी बोलली, पण नोकरीसाठी नाही, बाबांसाठी. मी तिच्या हातातला प्रबंध घेतला आणि बाबांच्या नजरेला पडणार नाही असा कपाटात ठेवून दिला.