जोमादादूस आणि साहेबांचं सफरचंद

दर सोमवारी सकाळी साडेनऊच्या ठोक्याला जोमादादूस आमच्या ऑफिसच्या दाराशी चपला काढायचा, आत येऊन साहेबांच्या टेबलासमोर सरळ उभा राहायचा आणि म्हणायचा, "सायेब, तोंड दाखवाला आयलो." साहेब फायलीतनं मान वर न काढता "हं" करायचे. दादूस दोन मिनिटं तसाच उभा राहायचा, मग चपला घालून निघून जायचा. मागणं नाही, अर्ज नाही, काही नाही. साहेबांनी शब्द दिलाय, तो त्यांच्या ध्यानात राहावा म्हणून फक्त तोंड दाखवायचं. हे तीन वर्षं चाललं. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातनं येऊनसुद्धा चाललं.

दादूस आता नाही. त्याच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण लिहायला बसलं की माझी स्वतःची लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून माणूस लिहायचा राहू द्यायचा, हेही काही खरं नाही.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी कराडकडची, वाशीला एका खोलीत भावाकडे राहायचे आणि शिरवण्याजवळच्या सरकारी रोपवाटिकेत टायपिस्ट होते. रोपवाटिका म्हणजे पत्र्याचं ऑफिस, चार मांडव आणि गुलमोहराची हजारो रोपं. नवं शहर उठायचं होतं, त्याला सावली लागणार होती. ते शहर जिथं उठायचं होतं तिथं भातशेती होती, मिठागरं होती. शिरवण्याच्या जोमादादूसचा (दादूस म्हणजे आगरी बोलीत दादा) जन्म मिठागरात गेलेला. बाप मीठ ओढायचा, हा मीठ ओढायचा. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि पांढरं झालं की फळीनं ओढून रास करायची. तो म्हणायचा, "वरचा मालक सूर्य, बाय, आन् आमी खालचे गडी. मालकाला घाई नाय, तं गड्यानं कशाला करायची?" मिठागर सरकारजमा झालं तेव्हा तो पन्नाशीला आला होता. मिठाशिवाय दुसरं काम येत नव्हतं. पोरबाळ नव्हतं. घरात तो आणि त्याची बायको बारकूबाय. त्याला हवी होती ती माळ्याची कायम नोकरी, बस्स.

ती मागायला तो पहिल्यांदा आला त्याच दिवशी नेमका वरून कुठूनतरी रोपांचा ट्रक आलेला. कलमी चिकू मागवले होते, त्यांच्यात डोंगराकडची सफरचंदाची पाच-सहा कलमं चुकून आली होती. साहेब वैतागलेले. दादूसनं हात जोडले तसे ते म्हणाले, "माळी व्हायचंय? हे घेऊन जा. सफरचंद लावून दाखव इथं. लागलं की त्याच दिवशी तुला पर्मनंट करतो!" सगळं ऑफिस हसलं. मीसुद्धा हसले, चांगली तोंडाला पदर लावून हसले. दादूस तेवढा हसला नाही. त्यानं विचारलं, "सायेब, शब्द?" साहेब म्हणाले, "शब्द." आणि दादूसनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक कलम तान्ह्या पोरासारखं उचललं.

बाकीची कलमं आठवड्यात वाळून गेली. दादूसनं आपल्या घरामागं लावलेलं तेवढं जगलं. ते गोल्डन जातीचं होतं. त्या काळात बाजारात लाल डेलिशियस आणि पिवळं गोल्डन हीच दोन नावं माणसाला ठाऊक. गोल्डन पिवळंधमक, पातळ सालीचं, गोड. ऑफिसच्या कपाटात फळबागेची एक मराठी पुस्तिका होती. दादूसला वाचता येत नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. "बाय, वाच गो पुढं." मी वाचायचे. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवावा. खड्ड्यात कुजलेलं शेणखत घालावं, बुडाशी पाणी साचू देऊ नये. मधली उभी फांदी ठेवून बाजूच्या चार फांद्या आडव्या वळवाव्यात. लाल जातीला शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं, गोल्डन मात्र एकटंही थोडंफार धरतं. हे ऐकून दादूस खूश झाला. "म्हंजे आमच्यासारखाच हाय. शेजार नसला तरी चालल."

मग एक दिवस ते वाक्य आलं. सफरचंदाला हिवाळ्यात हजार तासांची कडाक्याची थंडी लागते, नाहीतर फांदीवरचे डोळे फुटत नाहीत. मी वाचलं आणि पुस्तिका मिटली. म्हटलं, आता उठेल बिचारा. तेव्हाच सांगायला हवं होतं, की दादूस, साहेबांनी थट्टा केली, सोड हा नाद. शब्द अगदी ओठावर होते. पण तो इतका मन लावून ऐकत होता! म्हटलं, कळेल त्याचं त्याला. माझ्या बापाचं काय जातंय? खरं सांगू का, त्याचं येणं मला आवडायचं. दिवसभर पत्रं बडवायची, त्यात तेवढीच एक गोष्ट माणसासारखी होती.

दादूस उठला नाही. जरा वेळ विचार करून म्हणाला, "त्याला झोप पायजे. थंडीत झाड झोपतं, आन् झोपून उठल्याव फुलतं. बिनझोपेचा मानूस काम करील गो, पन हसल का?" आणि त्यानं झाडाला झोपवायचं मनावर घेतलं. आपल्याकडे थंडी नाही, म्हणून पानं गळत नाहीत, म्हणून झाड जागं राहतं, असा त्याचा हिशेब. दिवाळी झाली की तो एकेक पान हातानं खुडायचा. सगळं गाव बघायला यायचं. पोरं ओरडायची, "जोमादादूस झाडाची हजामत करतंय!" तो म्हणायचा, "हसा, हसा. सफरचंद लागल्याव फोड मागाला येऊ नका."

एका रविवारी त्यानं मला घरी नेलं. बारकूबायनं तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. सफरचंद तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ठाण्याच्या दवाखान्यात, शेजारच्या खाटेवरच्या बाईला कुणीतरी आणलेलं. आजाऱ्याचं खाणं, असाच तिचा समज. तिनं मला हळूच विचारलं, "बाय, त्यो कच्चा असतो तवा आंबट लागतो का? सुकटीत कैरीवानी चालल?" मी म्हटलं, चालेल. मग दादूसनं पुस्तिकेची शेवटची पानं मला मोठ्यानं वाचायला लावली. मुरांबा करायचा तर फळं सोलून, टोचे मारून चुन्याच्या निवळीत ठेवावीत, मग पाकात मंद शिजवावीत. गोल्डनची फोड शिजली तरी मोडत नाही. बारकूबाय म्हणाली, "पैला डबा सायबाच्या घरी द्यायचा." दादूस म्हणाला, "दुसरा हिला." मी पाणी प्यायले.

पहिल्या दोन हिवाळ्यांत काही झालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात दादूसनं बर्फ आणायला सुरुवात केली. दिवाळे गावच्या कोळ्यांशी त्याची जुनी ओळख. मासळी उतरवल्यावर उरलेला बर्फाचा चुरा ते त्याला द्यायचे. तो सायकलवर गोणपाटात बांधून आणायचा, डालड्याच्या डब्यांत भरायचा आणि ते डबे फांद्याफांद्यांना टांगायचा. वरून ओलं गोणपाट गुंडाळायचा. लांबून बघितलं तर आजाऱ्याला पट्ट्या बांधल्यासारखं दिसायचं. वेडेपणाच होता सगळा. पण डिसेंबर संपताना तो धावत ऑफिसला आला, सोमवार नसताना आला. "बाय, चल, बग!" मी गेले. फांद्यांच्या टोकाशी डोळे फुगले होते. बोटानं चाचपले. खरंच फुगले होते. पुढच्या साली म्हणा, त्याच्या पुढच्या साली म्हणा, काहीतरी झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्याच आठवड्यात साहेबांच्या बदलीचा कागद आला. त्याची पोच मीच टाईप केली. फेब्रुवारीअखेर साहेब जाणार. सोमवारी दादूसला कळलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. त्यानं पहिल्यांदाच साहेबांशी जास्तीचं बोलायचं धाडस केलं. "सायेब, फळ नाय व्हायचा तवर. फूल चालल का?" साहेब घाईत होते. म्हणाले, "हो हो, फूल दाखव, चालेल." मी टाईपरायटरवर बोटं ठेवून बसले होते. एका वाक्याचं काम होतं. नाही उघडलं मी तोंड.

पुढं जे झालं ते मिठागरातल्या माणसाच्याच हातनं व्हायचं. मीठ घातलं की बर्फ जास्त थंड होतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? कुल्फीवाले त्याच्याचकडून जाडं मीठ न्यायचे. त्यानं घरात राहिलेलं मीठ काढलं आणि डब्यांतल्या बर्फात मिसळलं. वेडा नव्हता तो. खारं पाणी झाडाला मारतं, हेही त्याला पक्कं माहीत होतं. बांध फुटून भरतीचं पाणी भातात शिरलं की काय होतं, ते त्यानं लहानपणापासून बघितलेलं. म्हणून तो रोज सकाळी वितळलेलं पाणी डब्यांतनं काढून लांब नेऊन ओतायचा. थेंब सांडू द्यायचा नाही. पण मीठ पत्र्याला खातं. डब्यांचे सांधे आतल्या आत सुटले, वर गोणपाट असल्यानं दिसलं नाही, आणि ते पाणी गोणपाटातनं झिरपत खोडावरून मुळाशी जात राहिलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर फुगलेले डोळे काळे पडले. दादूसनं बुडाची चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग दोन दिवस बारकूबाय आणि तो विहिरीचं गोडं पाणी ओतत राहिले. काही उपयोग झाला नाही. साल सुटायला लागली.

साहेब गेले. निरोपाला बटाटेवडे होते. दादूस आला नाही. चार दिवसांनी संध्याकाळी, ऑफिस रिकामं झाल्यावर तो आला आणि माझ्या टेबलाशी, पुस्तिका ऐकायला बसायचा तिथंच बसला. हात गुडघ्यांवर. "मीच मारला गो त्याला," म्हणाला. "आपल्याच हातानं मारला. नोकरी पन गेली."  मला बघवेना. त्याचं ओझं हलकं करावं म्हणून मी, शहाणीनं, तेव्हा तोंड उघडलं. "दादूस, मनाला लावून घेऊ नका. फूल आलं असतं तरी नोकरी नव्हतीच मिळणार. साहेबांनी पहिल्या दिवशी थट्टा केली होती. सगळ्यांना माहीत होतं."

त्यानं मान वर केली. बाहेर मुरुमाचे ट्रक मिठागर बुजवायला चालले होते.

"तुला पन?" त्यानं विचारलं.

मी "हो" म्हणून मान हलवली.

"मंग सांगलास का नाय, बाय?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मना झाडाची घाई नव्हती. धा वरसां लागली असती तरी मी बसलो असतो. घाई सायबाच्या शब्दाची व्हती. त्यो शब्दच नव्हता ह्या ठाव असता, तं मी कशाला मीठ घातला असता?"

मी म्हटलं, "दादूस, चहा मागवू?"

तो म्हणाला, "नको." दाराशी जाऊन त्यानं चपला घातल्या, अंगठा नीट बसेपर्यंत वाकून राहिला, आणि गेला. पुढच्या महिन्यापासून तो रोजंदारीवर मिठागरात मुरुम पसरायला जात होता.