भिंतीला खिळा

आज दुपारी कॅनडातून लेकाचा व्हिडिओ कॉल आला. घरमालकानं पुन्हा घर सोडायला सांगितलंय.

"आई, आता इथंच विकत घेऊ का? तू म्हणशील तसं."

आठ वर्षं मी एकच म्हणत आले, "भाड्यानंच राहा रे. बाळापुरात आपला प्लॉट हाय, तिकडं घर काहून?" त्यानं ऐकलं.

मधेच नात म्हणाली, "आजी, आपल्या घरात खिळा ठोकता येईल ना? इथं घरमालक ठोकू देत नाही. आजोबांचा फोटो पेटीतच आहे."

इथं यांच्या फोटोला मी रोज फूल वाहते. तिकडं आठ वर्षं हे पेटीत.

"घे बाबा घर," एवढंच मी लेकाला म्हणाले.

लेकरं परत येतील या आशेवर तुम्हीही त्यांना भाड्याच्या घरात ठेवलंय का?